महानंदा, कोरडी म्हणजे शून्य न्हाय

महानंदा, परवा तुझ्या घरी, तू गेल्यानंतरच्या शिवगणाराधनेला येऊन गेले. मांडवात माणसं मावत नव्हती. जो तो तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होता. मॅडम किती शांत, मॅडमनी कधी आवाज चढवला नाही, मॅडमचा कधी कुणाशी वाद झाला नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई कोण? मला तर ती कधी भेटलीच नाही. मला भेटली ती माझ्याशी सगळा जन्म भांडली. आमटीतल्या मिठावरून भांडली, खिडकी उघडी ठेवायची की लावायची यावरून भांडली, आणि पत्र्याच्या पेटीएवढ्या त्या पहिल्या कॉम्प्युटरमधल्या एका रकान्यावरून तर केस पांढरे झाले तरी भांडत राहिली.

तुझी लेक म्हणाली, मावशी, तुम्ही दोन शब्द बोला. मी उठले, माईक हातात घेतला, आणि समोर तुझा फोटो बघून परत खाली बसले. लोकांना वाटलं, बाईला भरून आलं. भरून आलंच होतं. पण खरं सांगायचं तर तू उलट उत्तर देणार नाहीस, अशा ठिकाणी तुझ्याबद्दल बोलायची मला सवय नाही. म्हणून आता घरी येऊन लिहिते आहे.

तुला आपली पहिली खोली आठवते का? शिंप्याच्या माडीवरची नव्हे. तिच्या आधीची, जी मिळाली नाही ती. साखर कारखान्यात कॉम्प्युटरच्या कामावर आपल्या दोघींची निवड झाली त्याच दिवशी आपली ओळख झाली होती. मी तेर गावची, उमरग्याला यायला मला एसट्या बदलाव्या लागायच्या. तुझं गाव त्याच तालुक्यात, पण पार कर्नाटकाच्या हद्दीजवळ, आणि गाडी दिवसातून एकदाच. तेव्हा दोघींनी मिळून खोली घ्यायची ठरवलं. घरमालकीण चांगली बोलली, चहासुद्धा ठेवला. मग तिनं नावं विचारली. तुझं सांगून झालं. माझं आडनाव ऐकल्यावर ती चहाखालचा स्टोव्ह बंद करून म्हणाली, खोली भावाला द्यायची हाय, मी इसरलेच होते. मला हे नवीन नव्हतं. माझे वडील शाळामास्तर, आमच्या घरानं धम्म स्वीकारला तो मी जन्मायच्या आधी, पण आडनाव काही बदललं नव्हतं. मी उठायच्या आत तू उठलीस. माझी ट्रंक तूच उचललीस आणि म्हणालीस, ‘मग आमी दोघी दुसरीकडं बघतो.’ रस्त्यावर आल्यावर तू त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. ट्रंक जड आहे, आत दगड भरलेत का, एवढंच विचारलंस. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

माडीवरच्या खोलीत मात्र तुझे खरे गुण कळले. शेंगाचटणीची बरणी तू कपड्यांच्या मागं लपवायचीस. रुसलीस की कानडीत पुटपुटायचीस, म्हणजे मला भांडताही यायचं नाही. मग मी शिंप्याच्या बायकोकडून चार कानडी शब्द शिकून घेतले आणि एका सकाळी तुला उत्तर दिलं. तू इतकी हसलीस की स्टोव्हवरचं दूध उतू गेलं.

कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं. सगळ्या माळावर थंड हवा असलेली ती एकच खोली. संचालक मंडळी उन्हाळ्यात कॉम्प्युटर बघायला म्हणून येत आणि घाम पुसत तासभर बसत. आपल्याला शिकवायला सोलापूरहून प्रकाश सर आले होते. वयानं आपल्याएवढेच, पण आपण त्यांना सरच म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर चौकोन काढले. हा अक्षरांचा रकाना, हा अंकांचा, हा तारखेचा. ते म्हणाले, ‘टाकायच्या आधी रकाना कशाचा आहे ते बघायचं. एकदा आत गेलं की ते रकान्याचं होतं, तुमचं राहत नाही.’

आपल्याला ते तेव्हा गमतीचं वाटलं. आणि गमती झाल्याच की. सभासदांची नावं टाकायच्या रकान्याची लांबी ठरलेली होती, आणि तुझ्या वडिलांचं नाव शिवलिंगअप्पा बसवणप्पा. एवढ्यानंच रकाना भरला, आडनाव बाहेर पडलं. छापलेली चिठ्ठी घेऊन अप्पा पटका बांधून कारखान्यात आले आणि दारातूनच विचारलं, ‘माझं आडनाव कुणी ठेवून घेतलं?’ तू टेबलाखाली वाकून पेन्सिल शोधायला लागलीस.

ते दोन भाऊ आठवतात? एकाच्या शेताचा गट चौदा भागिले एक, दुसऱ्याचा चौदा भागिले दोन. रकाना अंकांचा केला होता. यंत्रानं चौदा घेतला, तिरकी रेघ दिसली तिथं थांबलं, पुढचं सोडून दिलं. दोघांचा ऊस एकाच गटात. कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे ते भाऊ आपल्या खोलीबाहेर उभं राहून एकमेकांवर ओरडत होते. प्रकाश सरांनी घाईनं गट नंबरचा रकाना अक्षरांचा करून टाकला. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा दिसला तरी आकडा धरायचा नाही, हे त्या दिवशी आपण शिकलो. तू म्हणालीस, जाऊ दे, निदान बोलले तरी. तारखेच्या रकान्याला महिना आधी लागायचा, आपल्याकडं दिवस आधी. त्यावरूनही काय काय झालं, ते आता सांगत बसत नाही.

मग सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला.

बहात्तरचा दुष्काळ आपण लहानपणी पाहिला होता. दुष्काळात वाटलेल्या सुकडीची चव तुलाही आठवायची आणि मलाही. पण तेव्हा पाणी आणायची काळजी आयांची होती. या वेळी शिंप्याच्या घराखालच्या नळावर आपणच घागर लावून उभ्या राहायचो. दोघींत एक बादली, त्यात अंघोळ, मग त्याच पाण्यात कपडे. कारखान्याच्या उसाची तर गोष्टच सोडा. सभासदांच्या गावांत प्यायला पाणी नव्हतं. कारखान्यानं ठरवलं की आपले टँकर गावांना द्यायचे, आणि विहिरी खोल करायला सुरुंगाची गाडीही पाठवायची. टँकर थोडे, गावं पुष्कळ. कुणाच्या गावाला आधी, यावर सभेत इतकी बाचाबाची झाली की शेवटी अध्यक्ष म्हणाले, यादी कॉम्प्युटरला करू दे. माणसानं केली तर वशिला म्हणतील. यंत्राला कुणाचा वशिला लागणार?

शेतकी खात्याची माणसं दोरीला दगड बांधून गावोगाव गेली. काठापासून पाणी किती फुटांवर, ते कागदावर लिहून आणलं. ते कागद आपण दोघींनी बसून टाकले. कुणी ‘तीस’ असं अक्षरात लिहिलं होतं, कुणी ‘३० फूट’. आणि पुष्कळ ठिकाणी लिहिलं होतं, ‘कोरडी’. जे लिहिलंय ते तसंच इंग्रजी अक्षरांत टाका, असं सांगितलं होतं. रकाना अक्षरांचा होता, त्यानं सगळं घेतलं. पण अक्षरांची सरासरी निघत नाही. म्हणून प्रकाश सरांनी शेजारी अंकांचा नवा रकाना केला आणि पहिल्यातलं सगळं दुसऱ्यात उतरवायला यंत्राला सांगितलं. ‘तीस’सारखे शब्द त्यांच्या लक्षात आले होते, ते त्यांनी आधीच आपल्याकडून आकड्यात करून घेतले. मग गावागावाची सरासरी निघाली. ज्या गावाचं पाणी सगळ्यात खोल ते यादीत सगळ्यात वर.

छपाईचं यंत्र कर्रकर्र करत रुंद कागद बाहेर टाकत होतं. यादी संपल्यावर कागद तू फाडलास, आणि तुझ्या सवयीनं खालून वाचायला घेतलास. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. कागद घडी करून सरांच्या टेबलावर ठेवलास आणि जागेवर जाऊन बसलीस. दुपारच्या आत अध्यक्षांची सही होऊन यादी फाटकाजवळच्या फळ्यावर लागलीसुद्धा.

सायकल स्टँडच्या पत्र्याखाली डबा खाताना तू मला सांगितलंस. तुझं गाव यादीत अगदी शेवटी होतं. कागदाप्रमाणं तुझ्या गावच्या विहिरींत ओंजळीनं घ्यावं इतक्या वर पाणी होतं. आणि आदल्याच रविवारी तू घरी जाऊन आली होतीस. गावातल्या विहिरींत तळाचे दगड दिसत होते. बायका उजाडायच्या आधी गावाबाहेरच्या जुन्या बारवेत उतरत होत्या. त्या पायऱ्या इतक्या खोल की वर येताना मधे बसावं लागायचं. तुझी आई, तुझी अव्वाही त्यांच्यात होती.

मी म्हटलं, मग बसलीस काय? जा, सांग जाऊन. तू भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणालीस की माझ्या गावाचं नाव मी काढणार नाही. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईनं स्वतःच्या गावासाठी यादी फिरवली, असं एकदा कुणी म्हटलं की ती यादी कुणीच मानणार नाही, आणि उद्यापासून या खोलीत दुसरी मुलगी घेताना दहा वेळा विचार करतील. मी म्हटलं, तू डोळ्यांनी बघून आलीस ते खोटं आहे का? डबा झाकलास आणि उठलीस.

तू सरांकडं गेलीस आणि गावाचं नाव न घेता एवढंच म्हणालीस, यादीतल्या शेवटच्या गावांचे मूळ कागद एकदा बघू या. सरांनी कुरकुर न करता गठ्ठा सोडला. एकेक कागद तू त्यांच्यापुढं ठेवत गेलीस. कोरडी, कोरडी, कोरडी. सरांनी खुर्ची कॉम्प्युटरपुढं ओढली. त्यांनी पडद्यावर एक प्रश्नचिन्ह टाकलं आणि त्यापुढं यंत्राला विचारलं, ‘कोरडी’ या शब्दाची अंकात किंमत किती? खालच्या ओळीत उत्तर आलं. शून्य. अंकांच्या रकान्यात शब्द मावत नाही, म्हणून यंत्रानं त्याचं शून्य केलं होतं. आणि शून्य फुटांवर पाणी म्हणजे काठोकाठ भरलेली विहीर. जितक्या विहिरी जास्त कोरड्या, तितकं गाव पाणीदार. सगळी यादीच उलटी झाली होती.

प्रकाश सरांचं मला आजही कौतुक वाटतं. घाम फुटला त्यांना, पण चूक यंत्रावर ढकलली नाही. चला, आत्ताच सांगून येऊ, म्हणाले. आपण तिघं शेतकी साहेबांसमोर उभे राहिलो. साहेबांना ते पटेना. एवढ्या महागाचं यंत्र, ते पाणी आहे की नाही एवढं ओळखत नाही? तेव्हा तू बोललीस. ‘साहेब, कोरडी म्हणजे शून्य न्हाय. शून्य हा आकडा हाय. कोरडी म्हणजे मोजायला कायच न्हाय.’

साहेबांनी तुझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, ‘बाई, तुमचं गाव कुठलं?’

तू सांगितलंस. त्यांनी यादीवरून बोट खाली खाली नेलं, शेवटच्या ओळीवर थांबवलं आणि हसले. म्हणाले, आता समजलं. सर मधे बोलायला लागले, तर त्यांनी हातानंच गप्प केलं. सही झालेली यादी एका बाईच्या गावासाठी बदलायला मी अध्यक्षांकडं जाऊ का, असं त्यांचं म्हणणं. कागद घडी करून त्यांनी बाजूला ठेवलासुद्धा.

तुझा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. ‘माझं गाव हाय तिथंच राहू द्या. बाकीच्या गावांच्या विहिरी परत मोजून घ्या. कोरड्या निघाल्या तर त्यांना पाणी द्या. आमच्या गावाला सगळ्यांच्या मागून द्या, म्हणजे कुणी काय म्हणणार न्हाय.’

साहेबांनी बाजूला ठेवलेला कागद परत उघडला. मग घंटी वाजवली आणि जीप काढायला सांगितली.

बाहेर आल्यावर मी तुला जेवढी बोलले, तेवढी मी आयुष्यात कुणालाच बोलले नाही. ‘गाव काय तुझ्या एकटीचं हाय व्हय, वाटून टाकायला? अव्वाला इचारलंस? तिथल्या बायांना इचारलंस?’ तू म्हणालीस, मी तसं म्हटलं नसतं तर कुणालाच मिळालं नसतं. मी म्हटलं, थोडं थांबायचं होतंस, सरांनी त्यांना पटवलं असतं. तू म्हणालीस, नसतं. आपलं खरं भांडण ते. ऑफिसच्या पायऱ्यांवर उभं राहून सुरू झालं आणि मिटलंच नाही.

खालच्या सगळ्या गावांच्या विहिरी कोरड्याच निघाल्या. नवी यादी लागली, टँकर निघाले. नाल्यापलीकडच्या एका गावातून बायका बैलगाडी करून कारखान्यात आल्या, कॉम्प्युटर कुठला म्हणून विचारत आत शिरल्या आणि यंत्राला कुंकू लावून गेल्या. सर हसले, तूही हसलीस. तुझ्या गावाचा टँकर तेव्हा निघायचा होता.

तो निघायच्या आत निरोप आला, की अव्वा पडली, पाय मोडला, उमरग्याच्या दवाखान्यात आणलंय. आपण दोघी धावत गेलो. पायाला प्लास्टर, तोंड पांढरं. तू विचारलंस कशी पडलीस, तर म्हणाली, गोठ्यात शेणावरून पाय घसरला. अप्पा भिंतीकडं तोंड करून उभे होते. तू औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेलीस, अप्पा चहाला गेले, आणि अव्वानं मला जवळ बोलावलं.

‘इमल, म्या बारवंत पडले. भरली घागर घिऊन वर येताना. तिला सांगू नगंस.’

मी विचारलं, का?

‘कारखान्याचा मानूस मोजाया आला व्हता, त्यो बोलून गेला, तुमच्याच पोरीनं गाव मागं ठेवलंय म्हनून. तिला कळलं तर ती रडाया लागंल. एकदा रडाया लागली की लवकर गप व्हत न्हाय ती, लहानपनापासून. आन् गावात बाया तिला बोलतील. मी गोठ्यात पडले, झालं.’

‘तुम्हाला राग न्हाय आला तिचा?’

‘आला की. पाय मोडलाय माझा.’ अव्वानं डोळे मिटले आणि थोड्या वेळानं म्हणाली, ‘माझा राग माझ्याजवळ ऱ्हाऊ दे.’

मी शब्द दिला. तेवढ्यात तू औषधं घेऊन वर आलीस.

नंतर तुझ्या गावालाही टँकर गेला, सुरुंगाची गाडीही गेली. पुढं पाऊसही झाला. कारखान्यात मात्र ‘कोरडी’चं काय करायचं हा प्रश्न उरलाच. प्रकाश सरांनी तोड काढली, की विहीर कोरडी असेल तर पाण्याच्या रकान्यात नऊशे नव्व्याण्णव टाकायचे. एवढी खोल विहीर जगात नाही, म्हणजे बघताच कळेल. मला ते आवडलं, सोपं होतं. तू अडून बसलीस. म्हणालीस, बघणाऱ्याला कळेल, बेरीज करणाऱ्याला कसं कळेल? आपल्यानंतर इथं बसेल ती खरंच धरेल नऊशे नव्व्याण्णव फूट. तुला वेगळा रकाना हवा होता, फक्त होय की नाही एवढंच घेणारा. पाणी आहे? होय असेल तरच पुढचा आकडा बघायचा. मी म्हणायचे, एका विहिरीला दोन रकाने कशाला, फ्लॉपीत जागा किती थोडी. तू म्हणायचीस, जागेसाठी खोटं लिहायचं का? सर दोघींचं ऐकून घ्यायचे आणि बिडी ओढायला बाहेर जायचे. शेवटी तुझा रकाना झाला. तो तुला मी कधी बरोबर म्हटला नाही, पण पुढं धाराशिवला बँकेत लागल्यावर मी तिथं पहिलं काम काय केलं असेल, तर असाच एक रकाना मागून घेतला. हे तुला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

माझं लग्न झालं, मी धाराशिवला गेले. तुझं झालं, तू उमरग्यातच राहिलीस, कारखाना सोडल्यावर मुलींना कॉम्प्युटर शिकवत राहिलीस. भेट व्हायची ती नवरात्रात तुळजापूरला, तू देवीला यायचीस आणि मी तुला भेटायला. लॉजच्या पायरीवर बसून आपण शेंगा खात भांडायचो. तुझा नवरा म्हणायचा, दर्शनाच्या रांगेपेक्षा यांचं लांबतं.

दर वेळी ते त्याच जागी यायचं. मी म्हणायचे, तुला ती यादी फिरवायचा हक्क होता, गाव मागं ठेवायचा नव्हता. तू म्हणायचीस, त्यानं कुणाचं काय बिघडलं? चार दिवस उशीर झाला, एवढंच ना? मी अव्वाच्या लंगडण्याचं नाव काढलं की तू पटकन म्हणायचीस, ‘अव्वा गोठ्यात पडली. त्याचा पाण्याशी काय संबंध?’ आणि मी गप्प बसायचे. दर वेळी तिथंच. तुला वाटत असेल, विमलचे मुद्दे संपले. महानंदा, माझ्या जिभेवर काय यायचं आणि मी ते कसं गिळायचे, ते मलाच माहीत. अव्वा गेली तेव्हा वाटलं, आता सांगावं. पण तू तिच्या डोक्याशी बसून अशी रडत होतीस, की तिनं सांगितलेलं पटलं. तुला गप्प करायला रात्र गेली.

एकदा भर दुपारी तुझा फोन आला. मला वाटलं काही वाईट झालं. तू ओरडतच होतीस, ‘इमल, आता रिकामा रकाना शून्य व्हत न्हाय!’ क्लासमध्ये नवीन पद्धत शिकवायला आली होती, तिच्यात रिकामं ते रिकामंच राहतं. आकड्याच्या रकान्यात काही नाही म्हणजे खरंच काही नाही. त्याला इंग्रजीत नल म्हणतात, तू म्हणालीस. मी म्हटलं, नल म्हणजे आपल्या शिंप्याच्या घराखालचा नळ, पाणी नसलेला. तू हसता हसता खोकायला लागलीस. मग एकदम गंभीर होऊन म्हणालीस, हे तेव्हा असतं तर गं. मी म्हटलं, तेव्हा असतं तर आपण कशावरून भांडलो असतो?

तुझा तो खोकला तेव्हाच बघायला हवा होता.

शेवटचं मी तुझ्याकडं आले तेव्हा तू खाटेवर उशीला टेकून बसली होतीस. हात एवढे बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. लेक चहा करायला आत गेली. तू मला जवळ बस म्हणालीस. मला वाटलं, पाणी मागशील.

‘इमल, अव्वा गोठ्यात पडली न्हवती ना?’

इतकी वर्षं जपलेलं, आणि त्या क्षणी मला खोटंही बोलता येईना, खरंही.

‘घागर चेपली व्हती,’ तू म्हणालीस. ‘दवाखान्यातून तिला घरी नेलं त्या दिवशीच बघितली मी, चुलीमागं ठेवलेली. गोठ्यात कुणी घागर घेऊन जातं व्हय?’

मग एवढी वर्षं मला गोठा गोठा काय ऐकवत होतीस, मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण लेक दारातून डोकावून गेली. तू हळू आवाजात सांगितलंस की अव्वाला वाटत होतं तुला माहीत नाही, तिच्या समाधानासाठी तसंच राहू दिलंस. आणि मी तुला सांभाळते आहे असं मला वाटत होतं, तेही राहू दिलंस. दोघींपैकी आधी कुणाला सांगायचं, हे तुला कधी ठरवता आलं नाही. बोलताना तुला धाप लागत होती. मी म्हटलं, पुरे आता. तू म्हणालीस, पुरे कसं, तू अजून मला चूक म्हणालीच न्हायस.

मी म्हणाले नाही. तुझे पाय दाबत बसले. चहा झाला, गाडीची वेळ झाली. मी उठल्यावर तू म्हणालीस की पुढच्या वेळी येशील तेव्हा नीट बसून भांडू. मी बरं म्हटलं आणि निघाले.

एसटीत खिडकीशी बसले. गाडी उमरगा सोडून पुढं लागली आणि मला मुद्दा सुचला. इतक्या वर्षांत कधी कसा सुचला नाही, याचंच नवल वाटलं. तू अव्वाला न विचारता तिचं पाणी दुसऱ्यांना देऊन टाकलंस, हे माझं म्हणणं. पण त्या दिवशी तू गावाला गेली असतीस, चुलीपाशी बसून तिला विचारलं असतंस, तर तिनं काय केलं असतं? तिनं आधी तुला शिव्या घातल्या असत्या. कारखान्याला घातल्या असत्या, त्या यंत्राला घातल्या असत्या. आणि मग घागर उचलता उचलता म्हणाली असती, दे त्यांना आधी. मी तिच्या उशाशी बसले होते, तिचा राग मी ऐकला आहे, म्हणून सांगते. ती हो म्हणाली असती, महानंदा. तू फक्त विचारलं नाहीस, एवढीच तुझी चूक.

पुढच्या वेळी आले की हेच ऐकवायचं ठरवलं होतं, याला तुझ्याकडं उत्तर नसतं.